भिंतीवरची बुरशी: आधी पाणी शोधा, रंग दिवाळीनंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत बारा वर्षांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. बेडरूमची पश्चिमेची भिंत दर जुलैला खिडकीखाली फुगते, रंगाचे पोपडे निघतात, पांढरी भुकटी पडते. त्याच भिंतीला लावलेलं लाकडी कपाट पुढे ओढलं की मागे काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी ‘वॉटरप्रूफ’ रंग काढून घेतला, तोही गेल्या पावसात सुटला. सात वर्षांच्या मुलाला पावसाळाभर शिंका आणि रात्री खोकला. आता रंगारी म्हणतो, सगळं खरवडून आणखी भारीतला रंग लावू. शेजारच्या काकू म्हणतात, ब्लीच मारा. शिवाय गावच्या चिऱ्याच्या घरातही भिंतीच्या तळाला ओल चढते, त्याचं काय, असंही तुम्ही विचारलंय.

ताई, चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात २६ वर्षं मी गळतीची आणि दुरुस्तीची कामं करतोय. त्या अनुभवावर सांगतो: या गणपतीला त्या भिंतीला रंग लावू नका. पाहुणे काय म्हणतील याचा विचार बाजूला ठेवा. ओल्या भिंतीला लावलेला रंग म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे, आणि तुमचे एकदा पाण्यात गेले आहेतच.

तुम्ही ‘बुरशी’ असा एकच शब्द वापरलात, पण वर्णनावरून मला एकाच भिंतीवर दोन वेगळ्या तक्रारी दिसतात. खिडकीखालची पांढरी भुकटी ही बहुधा बुरशी नाहीच, तो खार आहे. पावसाचं पाणी बाहेरून भिंतीत मुरतं, विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवत आतल्या बाजूला येतं, तिथे पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ते स्फटिक वाढताना रंग आणि पुट्टी आतून ढकलतात, म्हणून पोपडे. कपाटामागचे ठिपके ही मात्र खरी बुरशी. ती भिंतीच्या आतल्या पाण्यावर नव्हे, तर खोलीतल्या हवेच्या दमटपणावर वाढलेली असण्याची शक्यता जास्त. एक पाणी बाहेरून आलेलं, दुसरं घरातलंच. दोन्हींवर एकच औषध लागू पडत नाही, आणि रंग तर कशावरच पडत नाही.

माझ्या तर्कावर विसंबू नका, स्वतः तपासा. भुकटी बोटांत चोळून बघा. खार कुरकुरतो, पाण्याच्या थेंबात विरघळतो, वास नसतो. बुरशी बोटाला मऊ, किंचित बुळबुळीत लागते, पाण्यात विरघळत नाही, पुसली की काळा-हिरवा डाग फडक्यावर येतो आणि कुबट वास येतो. मग जाड प्लास्टिकचे किंवा स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे दीड-दोन फुटांचे दोन चौकोन कापा. एक खिडकीखाली, एक कपाटामागे. भिंतीचा तेवढा भाग आधी पंख्याने कोरडा करा, सुटे पोपडे काढा, आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने पक्क्या बंद करून दोन दिवस तसंच ठेवा. नंतर आधी खोलीकडची बाजू बघा, मग काढून भिंतीकडची. खोलीकडे दव असेल तर पाणी हवेतलं. भिंतीकडे ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय. ही परीक्षा भर पावसात, दोन-तीन दिवस झड लागलेली असताना करा, उघडीप असताना केलीत तर फसगत होते.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: एप्रिल-मेमध्ये ती जागा कशी असते? उन्हाळ्यात खडखडीत वाळत असेल तर पावसाचं किंवा हवेचं पाणी. मे महिन्यातही हाताला गार आणि ओलसर लागत असेल तर नळाचं किंवा सांडपाण्याचं. भिंतीपलीकडे बाथरूम आहे का, वरच्या घराची मोरी तिथे येते का, हे बघावं लागेल. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीखालचं भांडं) आणि फरशी यांच्यामधला सांधा सुटलेला असणं हे आपल्याकडे फार नेहमीचं दुखणं आहे. ट्रॅपचं तोंड बोळा घालून बंद करायचं, फरशीवर दोन इंच पाणी साठवून एक दिवस ठेवायचं आणि खाली छतावर डाग वाढतो का ते पाहायचं. वरच्यांशी भांडण्याआधी हे करा, त्यांच्या समोर करा.

आता खिडकी. पश्चिमेची भिंत म्हणजे नैऋत्येच्या पावसाचा मार थेट तोंडावर. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, आडवा झोडपतो. जुनी माणसं पावसाआधी पडवीला झावळ्यांच्या झडी बांधायची ती उगीच नव्हे. हल्लीच्या इमारतींना छज्जे हातभर सुद्धा नसतात आणि वर ॲल्युमिनियमची सरकती खिडकी.

या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात. पट्टीत साठलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ती ठेवलेली असतात. दोन-तीन वर्षांत त्यांत धूळ, किड्यांची घरटी, रंगाचे थेंब बसतात. मग पाऊस लागला की पट्टी पन्हळीसारखी भरते आणि पाणी आतल्या बाजूने किंवा चौकटीच्या खालून भिंतीत उतरतं. बरोब्बर खिडकीखाली, तुमचे पोपडे आहेत तिथेच. उद्या सकाळी पट्टीत तांब्याभर पाणी ओता आणि बघा. बाहेर धार लागली पाहिजे. पाणी तुंबलं किंवा हळूहळू कुठेतरी गडप झालं तर चोर सापडला. जुन्या दात घासायच्या ब्रशने पट्टी साफ करा, बारीक तारेने भोकं मोकळी करा. माझ्याकडे आलेल्या ‘खिडकीखालची ओल’ या तक्रारींत कितीतरी वेळा काम एवढ्यावरच मिटलंय, आणि त्याआधी लोकांनी भिंतीवर हजारो रुपये लावलेले असतात.

तेवढ्याने भागलं नाही तर पुढची ठिकाणं ठरलेली आहेत. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट बाहेरून भरलेली असते ती सुकून सुटते. तिथे बाहेरच्या कामाचं सिलिकॉन भरावं लागतं. खिडकीची बाहेरची कड बाहेर उतरती हवी, आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी थेंब होऊन तुटावं म्हणून खाच हवी. खाच नसेल तर पाणी कडेखालून वळसा घालून भिंतीला चिकटत उतरतं. काँक्रीटचं बीम आणि खालची विटांची भिंत यांच्या जोडावर आडवी चीर पडते, कारण दोघं वेगवेगळ्या मापाने तापतात-आकसतात. ती चीर नुसती पुट्टीने लिंपून उपयोग नाही. ती इंग्रजी व्हीच्या आकारात खोदून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून, वर कोंबडीजाळी घेऊन गिलावा करावा लागतो. आणि पिंपळाचं रोप दिसलं तर ते वरून छाटू नका, मुळासकट काढून भोक भरा. नुसतं छाटलं तर पुढच्या वर्षी ते दुप्पट जोमाने येतं आणि चीर रुंदावतं.

हे काम बाहेरून परांची बांधून करायचं, आणि इथे खर्चाचा प्रश्न येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं ही संस्थेची जबाबदारी आहे. घरातल्या संडास, बाथरूम, सिंकमुळे होणारी गळती ज्याची त्याने काढायची. म्हणून चाचणीचे फोटो तारखेनिशी काढून ठेवा आणि सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या सभेपर्यंत कुणाला आठवत नाही.

कपाटामागच्या बुरशीकडे येतो, कारण तुमच्या मुलाच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची आहे.

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, स्वच्छातल्या स्वच्छ घरातही. ते रुजायला तीन गोष्टी लागतात: खायला काहीतरी, ऊब आणि ओल. खायला धूळ पुरते, प्लायवुड पुरतं, रंगातलं चिकट द्रव्य पुरतं. ऊब आपल्याकडे बारा महिने आहे. आपल्या हातात राहते ती एकच गोष्ट, ओल. आणि तिला पाण्याचा थेंबसुद्धा लागत नाही. भिंतीला चिकटून असलेल्या हवेत आर्द्रता ८०% च्या वर काही दिवस सलग राहिली की तिचं काम सुरू होतं. कपाट भिंतीला टेकलेलं असलं की मागची हवा हलत नाही, पावसाने गार झालेल्या बाहेरच्या भिंतीचा गारवा तिथेच कोंडतो आणि गार हवेची आर्द्रता वाढते. पंखा खोलीभर फिरतो, कपाटामागे पोचत नाही.

त्यात तुम्ही लिहिलंय की रात्री एसी २२ वर असतो आणि सकाळी उठल्यावर ‘हवा खेळावी म्हणून’ खिडक्या उघडता. हेतू चांगला, वेळ चुकीची. बाहेर २८ अंश आणि ८५% आर्द्रता असेल, जुलैत ती असतेच, तर ती हवा साधारण २५ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की दव पडतं. रात्रभर एसीने गार झालेली भिंत, कपाटाची पाठ, आरसा हे सगळं २५ च्या खाली असतं. म्हणजे तुम्ही रोज सकाळी खिडकी उघडून भिंतीला घाम फोडताय. एसी २६ वर ठेवा, ड्राय मोड असेल तर तो वापरा, सकाळी बंद केल्यावर तासभर नुसता पंखा चालू द्या आणि खोलीचा गारवा गेल्यावरच खिडकी उघडा. पुष्कळ घरांत बुरशी एसीच्या खोलीत नसतेच, ती त्या भिंतीच्या पलीकडे हॉलच्या बाजूने उगवते. कारण तेच: एका बाजूने भिंत गार, दुसऱ्या बाजूला दमट हवा.

घरात आपण किती पाणी हवेत सोडतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. १ किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत २२-२३ लिटर पाणी फक्त ज्योतीतून आलेलं असतं, भात-डाळीची वाफ वेगळी. बादलीभर पिळलेले कपडे खोलीत दोरीवर वाळत घातले की आणखी दोन-अडीच लिटर. कपडे वाळतात म्हणजे ते पाणी जातं कुठे? भिंतीत, गादीत, कपाटात. म्हणून पावसाळ्यात कपडे बेडरूममध्ये वाळवू नका. बाल्कनीत, किंवा एका खोलीत दार लावून, खिडकीला बाहेर हवा फेकणारा पंखा लावून वाळवा. स्वयंपाक करताना झाकण आणि एक्झॉस्ट, अंघोळीनंतर बाथरूमचा पंखा अर्धा तास आणि दाराखाली बोटभर फट, नाहीतर पंखा हवा ओढणार कुठून?

आमच्या आजोळच्या घरात सहा महिने पाऊस असल्यासारखी हवा असायची, तरी भिंतींवर बुरशी पाहिल्याचं मला आठवत नाही. कारण दिवसभर चूल पेटलेली. बाहेर २६ अंशांना ९५% आर्द्रता असलेली हवा घरात २९ अंशांपर्यंत तापली की तीच हवा ८०% वर येते, थेंबभरही पाणी न काढता. धूर माळ्यावर जायचा, कौलांच्या फटींतून ओलावा घेऊन बाहेर पडायचा, वासेही वाळायचे आणि टांगलेली बियाण्याची कणसंही. चुलीने डोळ्यांची आणि फुप्फुसांची वाट लावली, ती परत आणा असं मी म्हणणार नाही. पण चूल गेली, फटी बुजल्या, कौलांच्या जागी स्लॅब आला आणि तिचं वाळवण्याचं काम दुसऱ्या कशाकडे सोपवलं नाही, हे मात्र खरं आहे.

ते काम आज डिह्युमिडिफायर करतो, म्हणजे हवेतलं पाणी ओढून टाकीत साठवणारं यंत्र. पंखा हवा हलवतो, पाणी काढत नाही. खिडकी उघडली तर बाहेरची हवा घरातल्याइतकीच ओली. तुमच्यासारख्या समुद्राकाठच्या घरात, दम्याची किंवा ॲलर्जीची शंका असलेलं मूल असताना, दिवसाला १०-१२ लिटर पाणी काढणारा एक डिह्युमिडिफायर हा महागड्या रंगापेक्षा शहाणपणाचा खर्च आहे. दारं-खिडक्या लावून चालवायचा, टाकी रोज रिकामी करायची. त्याआधी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या आणि आठवडाभर वेगवेगळ्या वेळी आकडे लिहून ठेवा. पुस्तकांत ६०% च्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. कोकणात जुलैत बंद खोलीत यंत्र लावून ते जमतं, सगळ्या घरात जमणार नाही. झोपण्याची खोली ६०-६५ वर आणि बाकीचं घर ७५ च्या खाली राहिलं तरी मी समाधानी असतो. कपाटात ठेवायचे ओलावा शोषणारे डबे बंद कपाटापुरते ठीक आहेत, मात्र त्यांत साठलेलं खारट पाणी चामड्यावर आणि लाकडावर सांडू देऊ नका. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती मी कुणाला सांगत नाही, कपडे पेटल्याची उदाहरणं पाहिली आहेत.

आता हातात फडकं घेऊन काय करायचं ते. डागांचा एकूण भाग तीन बाय तीन फुटांच्या आत असेल तर घरच्या घरी करा, त्याहून मोठा असेल किंवा गिलावा भुसभुशीत झाला असेल तर माणूस बोलवा. मुलाला त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. घरात ज्याला दमा आहे त्याने हे काम करायचं नाही. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. दार बंद, खिडकी उघडी, पंखा आणि एसी बंद. सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोरड्या ब्रशने घासणं. त्याने बीजाणू खोलीभर उडतात आणि आठवड्यात चार नव्या जागी दिसतात. आधी फवाऱ्याने भाग ओला करा, मग साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने एका दिशेने पुसा, फडकी बदलत राहा आणि शेवटी पिशवीत बांधून टाकून द्या. मग १ लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून ते पाणी भिंतीवर लावा आणि धुऊ नका. तो थर पुन्हा उगवण्याला अडवतो. टाकणखार पोटात जाता कामा नये, तेव्हा डबा मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. शेवटी पंखा भिंतीकडे तोंड करून दिवसभर.

काकूंचा ब्लीच बाथरूमच्या टाइलवर चालतो, १ भाग ब्लीचला १५-१६ भाग पाणी घेऊन. रंगवलेल्या, पाणी पिणाऱ्या भिंतीवर तो वरचा रंग उडवतो, डाग गेल्यासारखा दिसतो, आणि ब्लीचमधलं पाणी मात्र भिंत पिते. मुळं आत तशीच राहतात. आणि हे कृपा करून नीट वाचा: ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो. ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर यांनाही तीच बंदी.

काळा रंग बघून घाबरला असाल तर तेवढं घाबरू नका. २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचा, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराचा, जो कहर पाहिला, त्यानंतर भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तोच रोग अशी समजूत घराघरांत बसली. त्या आजाराची बुरशी माती आणि कुजणाऱ्या वस्तूंतली, आणि ती अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना गाठते. भिंतीवर सहसा दिसतात त्या जाती वेगळ्या, आणि रंगावरून कोणती किती विषारी हे ठरत नाही. पण म्हणून दुर्लक्षही करू नका. दमट, बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना दमा, खोकला आणि ॲलर्जीचा त्रास जास्त होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीबद्दल स्वतंत्र मार्गदर्शिका काढली ती याचसाठी. घरात कुणी केमोथेरपीवर असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल तर त्यांना त्या खोलीत झोपवूच नका.

तुमच्या मुलाचं निदान बालरोगतज्ज्ञांनी करायचं, ते माझं काम नाही. तुमच्याकडून त्यांना दोन गोष्टी नक्की कळू द्या: भिंतीवर बुरशी आहे, आणि त्रास पावसाळ्यातच वाढतो. दुसरं, त्याची गादी तपासा. दमट हवेत गादीत धुळीचे सूक्ष्म किडे वाढतात, आणि शिंकांचं कारण कधी भिंतीइतकंच गादीतही असतं. भिंतीला टेकलेला पलंग हातभर पुढे घ्या. फरशीवर थेट अंथरलेली गादी पावसाळ्यात रोज उचलून उभी करा.

कपाट भिंतीपासून निदान तीन इंच पुढे आणि खाली पाय. शक्य असेल तर बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीला लावा. कपाटाची पाठ नुसत्या प्लायची असेल तर तीही मागून पुसून घ्या. खळ घातलेल्या सुती साड्या पावसाळ्यात तशाच घडी घालून ठेवू नका, खळ हे बुरशीचं जेवण आहे. धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा, खळ नेसायच्या आधी. पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत नको, मलमलीत गुंडाळा. कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या कसरीसाठी आहेत, ओलीवर त्यांचा काही उपयोग नाही.

दिवाळीनंतरच्या कामाचा क्रम सांगतो, कारण रंगारी तुमच्याकडे गणपतीच्या आधीच येणार. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला. त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते, म्हणजे मध्ये सात आठवडे. बाजारपेठेतल्या आणि आसपासच्या घरांत पुरुषभर उंचीपर्यंत पाणी चढून गेलं होतं, लोक खचलेले होते, आणि गणपती तरी स्वच्छ रंगवलेल्या घरात यावेत ही इच्छा इतकी साहजिक होती की नाही म्हणवत नव्हतं. मी स्वतः तीन घरांना तेव्हा रंगाला होकार दिला. भिंती वरून कोरड्या लागत होत्या. मार्गशीर्ष उजाडेपर्यंत तिन्ही घरांचा रंग हातात आला. तेव्हापासून मी भिंत तपासल्याशिवाय कुणालाही तारीख देत नाही. भिजलेल्या विटेच्या भिंतीला वाळायला दर इंच जाडीला महिनाभर लागतो असा एक ढोबळ हिशेब आहे. आपल्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात पंखा लावून तो कमी होतो, पण दिवसांवर येत नाही.

तेव्हा पाऊस गेल्यावर आधी बाहेरची दुरुस्ती. आतून सगळी सुटी पुट्टी आणि रंग खरवडून भिंत उघडी टाकायची, तशीच कुरूप, डिसेंबरपर्यंत. खार आला की कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, धुतलात की तो परत आत जातो. फॉइलची परीक्षा पुन्हा. भिंतीकडची बाजू दोन दिवसांनी कोरडी निघाली की मगच गिलाव्याची दुरुस्ती, बुरशीरोधक प्रायमर आणि रंग. आतून रबरासारखा जाड ‘वॉटरप्रूफ’ थर मी देत नाही. पाणी बाहेरून येत असताना आतून दार बंद करण्यासारखं आहे ते. पाणी भिंतीतच अडकतं आणि थर फुगा होऊन सुटतो. तुमचा दोन वर्षांपूर्वीचा रंग असाच गेला. पाणी बाहेरच अडवायचं, आत वाफ जाऊ देणारा रंग द्यायचा. त्या भिंतीवर पीओपी आणि वॉलपेपर तर अजिबात नको.

गावच्या घराचं उत्तर थोडक्यात. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल चढवतो, साधारण तीन फुटांपर्यंत. कुणीतरी मध्यंतरी तळाला सिमेंटचा गिलावा आणि आत फरशी केली असेल तर आधी बाहेर पडणारी ती ओल आता कोंडून वर चढतेय. सिमेंट काढा, चुन्याचा गिलावा करा आणि दरवर्षी चुन्याचा हात द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या दाहकपणामुळे बुरशी धरत नाही. मात्र तो ऑइल पेंटवर किंवा प्लास्टिक पेंटवर टिकत नाही, आधीचा रंग उतरवावाच लागतो. आणि पागोळ्यांचं पाणी जोत्याच्या मुळाशी साठत असेल तर पन्हळ बसवा, अंगणाचा उतार घरापासून दूर न्या. बऱ्याच घरांत एवढ्यानेच निम्मी ओल उतरते.

तुम्ही या आठवड्यात करायचं काम एवढंच: खिडकीच्या पट्टीत तांब्याभर पाणी, भिंतीवर दोन फॉइल, कपाट पुढे, एसी २६ वर, आणि मुलाचं अंथरूण तोपर्यंत दुसऱ्या खोलीत. फॉइल काढल्यावर कोणती बाजू ओली निघाली ते मला कळवा. दोन्ही निघाल्या तर खिडकीच्या बाहेरच्या कडेचा एक फोटोही पाठवा.